नाग नदीचे पूल आणि मामांची वही

"पूल पाहायला नागपूरला चाललीस? मुठेवरचे संपले का?" सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, आणि चौथा मजला येईपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

खरं उत्तर असं, की माझं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं. शाळेत जाता-येता रोज नाग नदी ओलांडली, पण ती नदी आहे हे दहावी होईपर्यंत मला माहीतच नव्हतं. घरीदारी सगळे तिला नालाच म्हणायचे. "नाल्याच्या काठी खेळू नको" एवढाच तिचा नि आमचा संबंध. पुढे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिला पूर आला. पुण्यात बसून मी फोनवर फोटो पाहत होते. ज्या पंचशील चौकातून मी वर्षानुवर्षं सायकल मारली, तिथला रस्ता खचला होता आणि खाली गढूळ पाणी उसळत होतं. तेव्हा लक्षात आलं, अरे, इथे पूल होता!

माझे मामा ओव्हरसियर होते. निवृत्त होईस्तोवर विदर्भभर पूल, मोऱ्या आणि रपटे (पुरात पाण्याखाली जाणारे बुटके पूल) मोजत हिंडले. वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण अ‍ॅक्टिव्हा अजून स्वतः चालवतात. "ये एकदा, सगळे दाखवतो" हे ते दर वर्षी म्हणतात. यंदा पोळा शुक्रवारी आला आणि मी गुरुवारची रजा टाकली.

गुरुवार : अंबाझरी

गाडी तासभर उशिरा आली. नागपूरचं स्टेशन १९२५ सालचं, एरवी मी त्या इमारतीकडे दोन मिनिटं पाहते, पण बाहेर मामा गाडीवर बसूनच हात हलवत होते. डिकीत छत्री, पाण्याची बाटली आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही. वही पाहून मला कळलं की ही माहेरची भेट नाही, साइट व्हिजिट आहे.

मामी म्हणाल्या, "आधी जेवा, नदी काही पळून जात नाही." वडाभात होता. वड्याचा चुरा, गरम भात आणि वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. पुण्यात मी हा पदार्थ दहा वेळा करून पाहिला आहे. दहाही वेळा नुसता वडा आणि नुसता भात झाला.

चार वाजता अंबाझरीच्या ओव्हरफ्लो पॉईंटला पोचलो. नदीचा उगम वाडीच्या पुढे लाव्ह्याच्या टेकड्यांत, पण शहराच्या दृष्टीने ती इथूनच सुरू होते. तलाव काठोकाठ भरलेला, सांडव्यावरून पाण्याची पातळ चादर उतरत होती. कॉलेजची पोरं-पोरी सेल्फी काढत होती, कणसंवाला भट्टीत कोळसे फुंकत होता. शेजारी स्वामी विवेकानंदांचा पुतळा. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. मामांनी मात्र मला पुतळ्याकडे पाठ करायला लावली.

"आता पाण्याकडे नको पाहू. पाणी जाते कुठून, ते पाहा."

भोसल्यांच्या वेळचा हा तलाव, पुढे इंग्रजांच्या काळात शहराला पाणी पुरवण्यासाठी वाढवला. भरला की पाणी सांडव्यावरून आपोआप खाली जाणार, अशी साधी योजना. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. सांडव्यावरून आलं ते सगळं पाणी खालच्या अरुंद पात्रात आणि त्यावरच्या पुलांत शिरायला गेलं. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट ही चांगली बंगल्यांची वस्ती, आणि लोक पहाटे गच्चीवर उभे.

"पूल नदीच्या वरून जाते असं तुले वाटते नं? नाही. नदीले पुलाखालून जावं लागते. किती जागा ठेवली, तो खरा पूल. वरचा डांबराचा पट्टा आपल्यासाठी."

मग त्यांनी वही काढली. प्रत्येक पानावर पुलाची जागा, गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा) किती, पाइप किती, त्यातले बंद किती. पाटी नसली तर पाटीच्या रकान्यात फुली. मी चार-पाच पानं उलटली, सगळीकडे फुलीच. आपल्याकडे पाणपोईवरसुद्धा देणगीदाराचं नाव संगमरवरात कोरलेलं असतं, आणि हजारो माणसं रोज ओलांडतात त्या पुलाला साधं साल नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. ओव्हरफ्लो पाहायचा तर पावसाळ्यात आणि सकाळी आठच्या आत जा. संध्याकाळी गर्दीत कठड्यापर्यंतही पोचता येत नाही. मेट्रोच्या ॲक्वा लाइनने सुभाषनगरच्या आसपास तलाव खिडकीतून छान दिसतो, लहान मुलं असतील तर तेवढंही पुरे. आणि सांडव्याच्या खाली उतरू नका. शेवाळावरून घसरणारा माणूस मी त्याच संध्याकाळी पाहिला. त्याच्या फोनचं आयुष्य तिथेच संपलं.

रात्री मामींच्या ओळखीच्या एका दूधवाल्या काकांकडे गेलो, शहराच्या कडेला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात. ते पाहून मला किती वर्षं झाली! काकांनी बैलाच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." पूर्वी बैल धुवायला नदीवर न्यायचे का, असं मी विचारलं. काका हसले. "माझा बाप न्यायचा. आता त्या पाण्यात बैल घातला तर परत धुवावा लागते."

शुक्रवार : महाराजबाग, बर्डी, लोहापूल

सकाळी कस्तुरचंद पार्कवर तर्री पोहे. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर कांदा, सांबार (तुमची कोथिंबीर) आणि लिंबू. मी "तर्री कमी" म्हटलं, तर गाडीवाला दादा माझ्याकडे पाहुणीकडे पाहतात तसा पाहून म्हणाला, "पुण्याच्या काय ताई?" महालात वाढलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. मी दुसरी प्लेट जास्त तर्रीची मागवली आणि दुपारपर्यंत त्याची फळं भोगली.

तिथून झीरो माइल चालत पाच मिनिटं. १९०७ सालचा खांब आणि चार दगडी घोडे. खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२०.१७१ फूट. मामांना हा आकडा पाठ. "पॉईंटनंतर तीन आकडे! एका फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून ठेवलं. आणि नदीत गाळ किती साचला, ते मोजायले माणूस भेटत नाही."

मग महाराजबाग. भोसल्यांची ही बाग पुढे कृषी महाविद्यालयाकडे गेली. कॉलेज १९०६ चं, आणि आतलं प्राणिसंग्रहालय आजही कृषी विद्यापीठच चालवतं. पोळ्याची सुटी असल्याने दारात फुग्यांची रांग, आत पोरांचा कलकलाट. आम्ही वाघाकडे न जाता पाण्याच्या बाजूला वळलो, तेव्हा तिकीट तपासणाऱ्या मावशींना काळजी वाटली. "तिकडं काही नाही बाप्पा, नालाच आहे." मामा गंभीरपणे म्हणाले, "त्याच्यासाठीच आलो."

मी बागेत लहानपणी पन्नास वेळा आले असेन. अस्वल आठवतं, माकडं आठवतात, घसरगुंडी आठवते. बागेला खेटून नदी वाहते, हे आठवत नाही. महाराजबागेकडून विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे जाताना ती ओलांडावी लागते. पुलावर उभं राहिलो. रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे पाण्याला चक्क वेग होता आणि वासही कमी. काठावर एक खंड्या बसलेला. निळा रंग असा, की जाणारा एक पोरगा स्कूटर थांबवून विचारू लागला, "काय पाहून राहिले काका?" मामांनी बोट दाखवलं. तो म्हणाला, "अरे! मी रोज जातो इथून." खंड्या उडेपर्यंत तो थांबला होता.

इथे मामांचा तास सुरू झाला. पुलाच्या खांबाला पाणी येतं त्या अंगाला टोकदार नाक असतं. ते पाणी कापतं, नाहीतर प्रवाह खांबाच्या सपाट पाठीवर आपटून फुगतो. जुन्या दगडी कामात हे नाक नेहमी दिसतं. पुढे स्वस्तात ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे मोठे नळ, टाकून रपटे झाले, तिथे नाक नाही आणि खांबही नाही, नुसती भिंत आणि तिला भोकं. एका पाइपात एक गादी अडकली की तो पाइप गेला. गादी हे मला उदाहरण वाटलं होतं. दहा मिनिटांनी आम्हाला खरोखरच एक गादी दिसली. फुलाफुलांची.

रपट्याची मला मात्र बाजू घ्यावीशी वाटते, आणि मामांनाही ते पटलं. रपटा बांधणारा कबूल करून टाकतो की वर्षातून दोन-चारदा नदी वरून जाणार. म्हणून तो बुटका ठेवतो, कठडा बांधत नाही, कडेला नुसते दगडी खुंट लावतो. पाणी आलं तर कठड्यात कचरा अडकून बांध होऊ नये, आणि खुंट दिसेनासे झाले की माणसाने थांबावं. शहरातल्या पुलांना छातीइतक्या भिंती, वर जाळ्या. जाळी लोकांनी निर्माल्याच्या पिशव्या टाकू नयेत म्हणून, हे मान्य. पण त्यामुळे नदी दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याला नालाच म्हणणार ना माणूस?

बाबासाहेबांनी मात्र तिला नदीच म्हटलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं हे सांगितलं. नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला आणि त्यांची वस्ती या नदीच्या काठी होती, असा त्यांचा मुद्दा होता. दीक्षाभूमीवर मी कितीदा गेले असेन, पण ही नदी आणि ते भाषण माझ्या डोक्यात कधी एकत्र आलं नव्हतं.

पंचशील चौकात आता रहदारी सुरळीत आहे. २०२३ नंतर इथून जाणाऱ्यांनी किती महिने वळसे घातले, ते नागपूरकरांनाच विचारा. नव्या पुलावर मी उभी राहिले, खाली पाहिलं आणि एक फोटो काढला. मागून हॉर्न. "ओ मॅडम, मराल ना!" फोटोत फक्त जाळी आली.

मोरभवन मागे टाकून लोहापुलाकडे निघालो आणि आभाळ फुटलं. बर्डीच्या (म्हणजे सीताबर्डीच्या) दुकानांच्या पत्र्याखाली शंभर माणसं उभी. लोहापूल हा नदीवरचा नाही. वरून रेल्वे जाते, खालून आपण. मी मामांना म्हटलं, "मग तुमच्या वहीत कसा?" ते म्हणाले, "पंधरा मिनिटं थांब, नदीवरचा होते."

पंधरा नाही, दहाच मिनिटं लागली. पुलाखाली पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. मामांनी शहाणपणाने गाडी बाहेरच लावली होती. एका रिक्षावाल्याने मात्र शूर होऊन आत घातली आणि मधोमध रिक्षा बंद. चार पोट्ट्यांनी ढकलून बाहेर काढली. रिक्षात एक आजी, मांडीवर मातीच्या बैलांची जोडी. त्या अजिबात उतरल्या नाहीत. राणीसारख्या बसून राहिल्या आणि बाहेर आल्यावर पोट्ट्यांना म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो, पण हळू ढकला नं, बैलाचं शिंग मोडलं." आणि खरंच मोडलं होतं.

संध्याकाळी मैदानात पोळा भरला. आंब्याच्या पानांचं तोरण, झुली, बेगड लावलेली शिंगं, आणि झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची लोकगीतं. एका म्हाताऱ्याने खड्या आवाजात झडती म्हटली की सगळं मैदान "हर बोला, हर हर महादेव!" तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले. रात्री पुरणपोळी आणि कटाची आमटी. तर्रीने दुपारभर छळलं होतं, तरी चार पोळ्या खाल्ल्या.

शनिवार : मारबत, आणि कन्हानचा पूल

आज काही नियोजन करू नका असं मामींनी आधीच बजावलं होतं. आम्ही केलं, आणि फसलो. मारबतीच्या दिवशी इतवारी-महालात गाडी घालणं म्हणजे मूर्खपणा. सकाळी नऊपासून रस्ते बंद, गल्लीबोळ माणसांनी भरलेले. शेवटी एका नातलगाच्या दारात अ‍ॅक्टिव्हा सोडून पायीच निघालो.

पण काय दृश्य! मारबत म्हणजे पीडा गावाबाहेर घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. दोघी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात तेव्हा जमिनीला हादरे बसतात, ढोल आत पोटात वाजतो. "ईडा, पीडा घेऊन जाय गे मारबत!" सोबत बडगे, म्हणजे पुतळे, वर्षभरात ज्या ज्या गोष्टींनी लोकांना छळलं त्या सगळ्यांचे. एक बडग्या खड्ड्यांचा होता, त्याला सर्वात जास्त टाळ्या. माझ्या शेजारच्या ताईंनी कडेवरच्या बाळाचे हात जोडून घेतले. बाळ झोपलेलं.

जाणाऱ्यांनी मेट्रोने चितार ओळी किंवा अग्रसेन चौकात उतरावं, पाणी सोबत ठेवावं, पाकीट पुढच्या खिशात. पांढरे कपडे घालू नयेत.

गर्दी ओसरल्यावर, दोन वाजता, आम्ही कामठीकडे निघालो. दारोदार तान्हा पोळा सुरू झाला होता. चिमुरडी पोरं लाकडाचे चाकं लावलेले बैल ओढत, कोणी शंकर, कोणी शेतकरी झालेली, बोजारा (पोळ्याची खुशाली) मागत फिरत होती. सिग्नलला एका शंकराने आमच्याकडूनही दहा रुपये घेतले. दुसऱ्या सिग्नलला दुसऱ्याने.

कामठीची छावणी १८२१ ची. पलीकडे कन्हान नदी, आणि तिच्यावर जबलपूर रस्त्याचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल. शेजारी नवा पूल झाला आहे, पण मामा जुन्याकडेच पाहत राहिले. कालपासून प्रत्येक ठिकाणी त्यांच्या तोंडून टीकाच ऐकत होते. इथे ते गप्प झाले. मग म्हणाले, "डाट पाहा."

डाट म्हणजे कमान. गवंडी हाच शब्द वापरतात. आधी लाकडी साचा उभा करायचा. त्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड रचत आणायचे आणि माथ्यावर शेवटचा दगड ठोकून बसवायचा. मग साचा काढून घ्यायचा. आत लोखंड नाही. वरचं वजन जितकं, तितके दगड एकमेकांना घट्ट दाबून धरतात. ही सगळी कामं कोरड्या दिवसांतच, कारण पावसाळ्यात कन्हान साचा ठेवूच देणार नाही. दोन पावसाळ्यांच्या मध्ये जेवढं होईल तेवढं. मी विचारलं, साचा काढताना भीती नसेल वाटत? "मले विचारशील तर वाटायची," मामा म्हणाले. "माझी पहिली डाट चार फुटाची होती. मोरीच म्हण. साचा काढला त्या रात्री मी तिथंच झोपलो. खाली नाही, बाजूले."

काठावर एक कोळी दादा जाळं झटकत होते. नागपूरला पिण्याचं काही पाणी याच कन्हानमधून जातं, आणि शहराचं सांडपाणी घेऊन नाग नदी खाली याच कन्हानला येऊन मिळते. पुढे ते वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात. मी दादांना मासळीबद्दल विचारलं. "इथं आहे. खाली संगमाच्या पुढं आम्ही जाळं नाही टाकत." एवढंच बोलून त्यांनी एक छोटा मासा परत पाण्यात सोडला.

येताना शेवभाजी खाल्ली. तिखट होती. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रविवार : टाकळघाट

संध्याकाळची गाडी होती, म्हणून मला शेवटचा दिवस घरी लोळायचा होता. पण मामांच्या वहीत एक पान कोरं होतं, वर फक्त 'हिस्लॉप' लिहिलेलं.

नागपुरात हिस्लॉप म्हणजे कॉलेज, त्यापलीकडे कोणी जात नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ च्या सुमारास इथे आले, शाळा काढली, गोंडांच्या भाषेच्या आणि रितीभातींच्या नोंदी केल्या. शिवाय दगडांचं वेड. सीताबर्डीची टेकडी, टाकळीचे जीवाश्म, कामठीकडचे वालुकाश्म, सगळीकडे हा माणूस हातोडी घेऊन हिंडला. सप्टेंबर १८६३ मध्ये ते टाकळघाटला गेले, मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत, तिथली शिळावर्तुळं पाहायला. टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामी परतले. हिस्लॉप मागे थांबले आणि अंधार पडल्यावर घोड्यावरून एकटे निघाले. जाताना जो ओढा उथळ होता तो पावसाने भरला होता. छावणीवर घोडा आला, वर स्वार नव्हता. ती तारीख ४ सप्टेंबर.

मामांनी भाड्याची गाडी सांगितली होती. वर्धा रोडवरचा मेट्रोखालचा तो लांबलचक उड्डाणपूल, ३.१४ किलोमीटरचा, जागतिक विक्रमात नोंदलेला. मी विचारलं, "हा वहीत आहे?" मामा म्हणाले, "खाली पाणी कुठं आहे?" लोहापुलाची आठवण मी करून दिली नाही.

बुटीबोरीच्या बाजूने आत वळलं की कपाशी आणि तूर. टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेलात तर मोठं काही मनात धरून जाऊ नका. काळ्या दगडांची रिंगणं, कुठे अर्धी, कुठे शेताच्या धुऱ्यात मिसळलेली. लोहयुगातल्या माणसांची ही पुरण्याची जागा. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी इथे आणि शेजारी खाप्याला उत्खनन केलं, त्यात मातीची भांडी आणि लोखंडी हत्यारं निघाली, घोड्याच्या तोंडातले लगामाचे लोखंडी तुकडेसुद्धा. चिखल मांडीपर्यंत येतो, गमबूट घाला. साप असतात. पिकातून जाताना मालकाला विचारा. आम्ही विचारलं, तर मालक स्वतःच सोबत आले, घरी चहा झाला, आणि "दगड पाहायला पुण्याहून?" हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला.

परतताना दीड वाजता पाऊस आला. गावाबाहेर एक रपटा, येताना कोरडा होता. आता त्यावरून पाणी जात होतं, चहाच्या रंगाचं, आवाज फारसा नाही. कडेचे खुंट अर्धे बुडालेले. ड्रायव्हर पोरगा म्हणाला, "ताई, निघते गाडी. फूटभर तर आहे." माझी गाडी साडेपाचची. मी घड्याळ पाहिलं.

मामा काहीच बोलले नाहीत. दार उघडून उतरले, छत्री लावली आणि एका खुंटाकडे पाहत उभे राहिले.

हळूहळू पलीकडे आणि अलीकडे माणसं जमली. दोन मोटरसायकली, एक दुधाची गाडी, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या दोघी. कोणालाच घाई नव्हती, किंवा दाखवत नव्हते. एका शेतकऱ्यासोबत बैल होते, शिंगांवर परवाचं बेगड अजून चिकटलेलं, अंगावरचे रंगाचे ठिपके पावसात ओघळत होते. पुढच्या बैलाने एक पाय पाण्यात टाकला, काढून घेतला आणि मान खाली घालून उभा राहिला. शेतकऱ्याने त्याला हाकललं नाही, तंबाखू काढली.

"किती वेळ लागते?" मी विचारलं.

"उतरते," ते म्हणाले.

मामींनी दिलेला डबा उघडला. परवाच्या पुरणपोळ्या, जरा वातड झालेल्या, तुपाशिवाय. गवताच्या भाऱ्यावाल्या दोघींना दिल्या, ड्रायव्हरला दिली. तो रुसला होता, पण खाल्ली.

पाऊण तासाने खुंट पूर्ण उघडे पडले. रपट्यावर गाळाचा थर, मधोमध एक निळी चप्पल आणि पळसाची फांदी. बैल आधी गेले. मग मोटरसायकली. मामा आमच्या गाडीच्या पुढे चालत निघाले, मध्येच थांबले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. मला वाटलं घसरले. ते पाइप मोजत होते.

"सहा," पलीकडे पोचल्यावर ते म्हणाले. "दोन बंद." आणि ओली वही पोटाशी धरून लिहू लागले.